पुरौनी

रायपूरच्या शास्त्री बाजारात ज्या बाईकडून मी वर्षानुवर्षं भाजी घेतो, तिचा हिशेब तोंडी असतो आणि हात सैल. अर्धा किलो बरबट्टी तोलून पिशवीत पडली की वर दोन हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीची एक काडी येतेच. "ले न बाबू, पुरौनी आय." पुरौनी म्हणजे मापावर घातलेलं, पैसे न लावता दिलेलं. महाराष्ट्रातल्या वाचकांनी या एका शब्दापुरती छत्तीसगढी शिकून घ्यावी, तोटा होणार नाही. मागच्या महिन्यात आत्याचं पोट बिघडलं होतं म्हणून मी मिरच्या परत केल्या. बाईने त्या टोपलीत टाकल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. "नक्की काढायच्या का? मिरच्यांशिवाय भाजीचा पूर्ण अनुभव मिळणार नाही," असं काही ती म्हणाली नाही. तीन दिवसांनी पुन्हा विचारू का, असंही नाही.

त्याच संध्याकाळी मी लॅपटॉप घेतला.

दुकान जयस्तंभ चौकाच्या आसपासचं. दुकानाचं नाव सांगत नाही, लॅपटॉपच्या कंपनीचंही नाही. शेजारच्या दुकानात शिरलो असतो तरी हेच सदर लिहावं लागलं असतं. काउंटरवरचा पोरगा विशीतला, हाताचा चलाख. एका हातात चहाचा कागदी कप धरून दुसऱ्या हाताने त्याने यंत्र सुरू केलं, पडद्यावर पानंच्या पानं करार उमटला आणि त्याने माझ्या वतीने 'मंजूर' दाबून टाकलं. तात्यापाऱ्यातल्या घराच्या वाटणीपत्रावर सही करण्याआधी मी दोन वकील आणि एक मेहुणा एवढ्यांचा सल्ला घेतला होता. इथे माझी संमती एका घोटात उरकली. म्हटलं, "अरे, पढ़ तो लेते." तो म्हणाला, "अंकलजी, ये सबको मंजूर ही रहता है." इतकं एकमत मी आमच्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळातही कधी पाहिलं नाही.

घरी आणून उघडला आणि मोजदाद केली. मी न मागितलेल्या एकवीस वस्तू. गोळ्या-चॉकलेटं फोडायचा खेळ. महिनाभर फुकट आणि मग पैसे मागणारं लिखाणाचं साधन. सकाळी उठल्या उठल्या 'आपण धोक्यात आहात' असं सांगणारा व्हायरसरक्षक. आमच्या ओळखीचे एक ज्योतिषी असंच बोलतात, पण ते निदान शांतीचा खर्च आधी सांगतात. कुठल्या नटीने किती किलो वजन उतरवलं याच्या बातम्या. फोटो ढगात ठेवा म्हणणारी पेटी. आणि कोपऱ्यात एक मदतनीस, "मी आपल्याला काय मदत करू?" म्हणत उभा. जा, एवढीच मदत हवी होती, पण ती त्याच्या यादीत नव्हती. दुपारभर बसून यातल्या नऊ वस्तू मी काढल्या. आठवड्याने यंत्राने स्वतःला अद्ययावत केलं आणि त्यातल्या चार परत आल्या, सुट्टी संपवून आलेल्या पाहुण्यांसारख्या. दुकानात जाऊन विचारलं. पोरगा शांतपणे म्हणाला, "निकलता तो है अंकलजी, पर अपडेट में फिर आ जाता है."

आता हा लॅपटॉप मी घेतला कशासाठी, ते सांगतो. आत्यासाठी. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. तीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं तिने, आणि ज्युली अँड्र्यूजचा 'द साउंड ऑफ म्युझिक' हा तिचा जीव की प्राण. न्यू जर्सीतल्या भाच्याने मागच्या खेपेला त्याची डीव्हीडी आणून दिली होती. खोक्यावर किमतीची चिठ्ठी तशीच, म्हणजे रीतसर विकत घेतलेली. नव्या लॅपटॉपला तबकडीची फटच नाही, म्हणून रवि भवनातल्या एका गाळ्यातून वेगळा ड्राइव्ह आणला. तबकडी घातली. पडद्यावर उत्तर आलं: प्रदेश जुळत नाही.

कोणाचा प्रदेश? डीव्हीडी काढणाऱ्यांनी जगाचे वाटे करून ठेवलेत, हे ठाऊक होतं पण अंगावर आलं नव्हतं. अमेरिका आणि कॅनडा पहिल्या प्रदेशात. आपण पाचव्यात, रशिया, आफ्रिकेचा मोठा भाग, मंगोलिया आणि उत्तर कोरियाच्या पंगतीला. न्यू जर्सीत पैसे मोजून घेतलेली तबकडी रायपुरात घुसखोर ठरते. ड्राइव्हचा प्रदेश बदलता येतो म्हणे, पण आयुष्यात पाच वेळा. पाचव्यांदा जिथे थांबाल तिथले तुम्ही कायमचे रहिवासी. भोसल्यांच्या काळात नागपूरहून रतनपूरला येणाऱ्या माणसावर इतकी बंधनं असतील असं वाटत नाही.

तर हिशेब असा झाला: जे मागितलं नाही ते निघत नाही, आणि जे विकत घेतलं ते लागत नाही.

या दोन तक्रारी वेगळ्या आहेत असं समजून लोक वेगवेगळ्या खिडक्यांवर उभे राहतात. पण मुळात दोन्हीकडे प्रश्न एकच आहे, की पैसे माझे असताना यंत्रात काय राहील आणि काय वाजेल हे ठरवणारा कोण. आणि हे भांडण आमच्या घरातलं नाही, चांगलं जुनं आहे. युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोकला. विंडोजच्या पोटातच मीडिया प्लेअर घालून पाठवता, मग दुसऱ्याचा प्लेअर कोण घेणार, हा एक मुद्दा होता. आयोगाने सांगितलं, प्लेअर नसलेली विंडोजही विकायला ठेवा. कंपनीने त्या आवृत्तीला आधी नाव सुचवलं 'रिड्यूस्ड मीडिया एडिशन'. म्हणजे मिठाईवाल्याला साखर कमी करायला सांगावं आणि त्याने पाटी लावावी, 'बेचव पेढे येथे मिळतील'. आयोगाने ते नाव नाकारलं. मग नुसतं 'एन' हे अक्षर लागलं. किंमत मात्र प्लेअरवाल्या आवृत्तीइतकीच. त्याच भावात कमी माल कोण उचलेल? कोणी उचलला नाही. आदेश पाळला गेला आणि काहीही बदललं नाही, ही कला आपल्याकडच्या महापालिकांनाच येते असा माझा समज होता.

पुढची गंमत त्याहून मोठी. प्लेअर कोंबल्याबद्दल दंड झालेल्या याच कंपनीने २०१२ च्या विंडोज ८ मधून डीव्हीडी लावायची सोयच काढून टाकली. परवान्याचे पैसे द्यावे लागतात आणि तबकड्या आता बघतो कोण, हे कारण. विंडोज १० आली २०१५ मध्ये. सोबत कँडी क्रश आला, आणि डीव्हीडी लावणारं साधन दुकानात वेगळं विकायला, अमेरिकेत जवळपास पंधरा डॉलरला. सॉलिटेअर, ज्याने १९९० पासून जगभरच्या सरकारी कचेऱ्यांची दुपार सांभाळली, त्यात जाहिराती आल्या. जाहिरात नको असेल तर वर्गणी भरा. पत्त्यांचा डाव एकट्याने मांडायचा आणि क्लबाची फी द्यायची!

पुण्याचा पुतण्या फोनवर वैतागला. "काका, फुकट येतंय तर तक्रार कसली? ब्राउझरच दिला नसता तर दुसरा ब्राउझर उतरवला कशाने असता?" मुद्दा बरोबर आहे. हा मुलगा एमएस-सीआयटीपासून शिकत गेला. त्यातलं 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट. पण निम्म्या महाराष्ट्राने ते मायक्रोसॉफ्टच समजून परीक्षा दिली आणि अभ्यासक्रमाने तो समज दूर करण्याची फारशी घाई केली नाही. संगणक म्हणजे विंडोज, लिहिणं म्हणजे वर्ड. पुरौनीलाच भाजी समजणारी एक पिढी.

पण एक कबुली द्यायलाच हवी, नाहीतर मी खोटारडा ठरेन. या सदराचा मजकूर मी ज्या अक्षरांत टंकून पाठवत आलो, तो 'मंगल' हा टंकही विंडोजबरोबरच आलेला, विंडोज २००० पासून. तो घडवला र. कृ. जोशी यांनी, आपल्या मराठीतल्या कवीने आणि सुलेखनकाराने. त्याआधी रायपूरहून नागपूरला मराठी मजकूर पाठवायचा म्हणजे पलीकडच्याकडे तोच टंक असेल का, हे फोन करून विचारावं लागे. नसेल तर 'ज्ञानेश्वर'चं 'काद्व%ष' होऊन छापखान्यात पोचे. मंगल मी मागितला नव्हता. आला, आणि उपकार झाले. तेव्हा मिरच्या पिशवीत टाकल्या म्हणून बाईवर राग नाही. टोपलीत परत टाकता येत नाहीत, राग त्याचा आहे.

नेमका हाच मुद्दा आपल्याकडे निकाली निघता निघता राहिला. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर हवं असेल तर सर्च, क्रोम, यूट्यूब असं अख्खं ताट वाढून घ्या, अशी फोन बनवणाऱ्यांवर सक्ती होती. आयोगाने इतर आदेशांबरोबर हेही सांगितलं की ही आयती आलेली अ‍ॅप्स वापरणाऱ्याला काढून टाकता आली पाहिजेत. गूगल अपिलात गेलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, आणि नेमका अ‍ॅप काढू देण्याचा आदेश रद्दबातल केला. दंड सरकारजमा. मिरच्या आपल्या पिशवीत.

आणि हा खेळ फक्त परदेशी कंपन्या खेळतात असं नाही. आमच्या रायपुरात तो सरकारने मांडला होता, तोही सणासारखा. २०१८ च्या जुलैअखेरीस, विधानसभेच्या निवडणुका चार महिन्यांवर असताना, संचार क्रांती योजना सुरू झाली. सुमारे पन्नास लाख स्मार्टफोन फुकट वाटायचे. उद्घाटनाला कंगना राणावत. फोन मायक्रोमॅक्सचा, सिम जिओचं. कोणता फोन, कोणाचं जाळं, काही विचारायचं काम नाही. सरकारने आपल्यासाठी पसंत करून ठेवलेलं स्थळ. समारंभाचं नाव 'मोबाइल तिहार'. छत्तीसगढीत तिहार म्हणजे सण. दिल्लीच्या माझ्या साडूने मात्र पेपरातला मथळा वाचून घाबरून फोन केला होता की मोबाइल वापरल्याबद्दल तुमच्याकडे कोणाला आत टाकलं. मी त्याला शब्दार्थ समजावला. आता वाटतं, एवढी घाई करायला नको होती. निवडणूक झाली, सरकार बदललं, नव्या सरकारने वाटप थांबवलं. सण संपला. काहींच्या हाती फोन राहिले, सिम मात्र जिओचंच.

विकत घेतलेलं लागत नाही, हे दुसरं दुखणं. लागत नाही तोवर ठीक. ते घरातून उठून निघून जातं तेव्हा काय करायचं? मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये पुस्तकांचं ऑनलाइन दुकान बंद केलं आणि लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं जुलैपासून उघडेनाशी झाली. पैसे परत दिले, नाही म्हणत नाही. ज्यांनी समासात टिपा काढल्या होत्या त्यांना वर पंचवीस डॉलर. पुस्तकं घेऊन गेलो, तुमच्या विचारांचे हे घ्या. इथे मला माधवराव सप्रे आठवतात. त्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढला. धंदा म्हणून तो फार चालला नाही, लवकरच बंद पडला. पण ज्याच्या घरी त्याचा अंक असेल, तो अंक मासिक बंद पडलं म्हणून कोरा झाला नाही. कसर लागली असेल. कसरीला निदान सेवाशर्ती नसतात.

आपल्याकडे फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं. सहा-आठ रुपयांपासून गाणं, आणि महत्त्वाचं म्हणजे कुलूप नसलेली एमपीथ्री. वर्ष-सव्वा वर्षात, जून २०१३ मध्ये ते बंद पडलं, कारण फुकट मिळणारं गाणं विकत कोण घेणार. पण तेव्हा ज्यांनी गाणी उतरवून ठेवली, त्यांची ती अजून वाजतात. याउलट एअरटेलने २०२४ मध्ये विंक म्युझिक बंद केलं. त्यात 'उतरवलेली' गाणी विंकच्याच पोटात कुलूपबंद होती, ती त्याच्याबरोबर गेली. दोन्ही दुकानं बुडाली. एकाने माल गिऱ्हाइकाच्या घरी पोचवला होता, दुसऱ्याने फक्त काचेतून दाखवला होता. कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केला की असा माल विकताना, हा नुसता परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' हा शब्द वापरायचा नाही. आपल्या पडद्यांवर तो शब्द अजून मजेत नांदतो आहे.

मग आत्याच्या तबकडीचं कुलूप मी तोडावं का? कायदा उघडून बघितला. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५अ घातलं गेलं. हक्कभंगाच्या इराद्याने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडलं तर गुन्हा नाही. आणि स्वतःच्या खासगी वापराला कायद्यात जागा आहे. इथवर समंजस. पुढे मात्र एक रत्न आहे. अशा रास्त कामासाठी कुलूप उघडायला जो दुसऱ्याला मदत करेल, त्याने त्या दुसऱ्याचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा सगळा तपशील आणि कुलूप उघडण्याचं कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची. मी डोळ्यांसमोर आणलं: रवि भवनातल्या त्या चिंचोळ्या गाळ्यात लाल कापडी बांधणीची वही. नाव, अमुक. पत्ता, तात्यापारा. कारण: आत्याला सिनेमा बघायचा आहे. आणखी एक गोष्ट वाचली. चित्रपटाचा हक्क आपल्याकडे प्रदर्शनानंतर साठ वर्षं. १९६५ च्या चित्रपटाची साठी २०२५ च्या अखेरीला भरते. शब्दांचे आणि चालींचे हक्क वेगळे, ते माणूस गेल्यापासून साठ वर्षं. पण कुलपात हे काही नोंदलेलं नाही. कुलपाला पंचांग कळत नाही.

ड्राइव्ह आणि तबकडी घेऊन रवि भवनात गेलो आणि तिथल्या पोराला विचारलं, वही ठेवतोस का. तो हसला. "रजिस्टर तो चाबीवाला भी नहीं रखता, अंकलजी." आणि त्याने दोन मिनिटांत माझ्या लॅपटॉपवर रस्त्यावरच्या केशरी शंकूचं चित्र असलेलं ते व्हीएलसी चढवलं. फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेलं, ना नफा तत्त्वावर चालणारं, फुकट आणि बिनजाहिरातीचं. भारतात लोक हे आपणहून, शोधून, मागून घालून घेतात. साहजिकच आपल्या सरकारने २०२२ मध्ये नेमकी त्याचीच वेबसाइट कित्येक महिने बंद ठेवली. कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबरात ती उघडली. कँडी क्रशच्या वाटेला कोणी गेलं नाही.

तबकडी जरा कुरकुरली, पण लागली. आत्याला खुर्चीत बसवलं, पायाखाली पाट दिला. डोंगर आले, ज्युली अँड्र्यूज हात पसरून गिरकी घेऊ लागली, आत्याचे ओठ हलू लागले. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात टिंग झालं.

"कोण आलंय रे?"

"कुणी नाही गं आत्या. लॅपटॉप विचारतोय, आपले फोटो ढगात ठेवू का."

"त्याला म्हणावं, गच्चीवर पापड वाळत घातलेत," आत्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "ढग आत्ता नकोत."